आणखी एक सदस्य जोडा

कागदावरच्या अर्जात कुटुंबातल्या सदस्यांसाठी पाच ओळी आखलेल्या असतात आणि घरात माणसं असतात आठ. मग सहावा आणि सातवा समासात बारीक अक्षरात बसतो, आठवा कागदाच्या पाठीमागे. वरून सूचना, "विवाहित असल्यास पतीचे नाव", "लागू नसेल ते खोडावे", "नसल्यास निरंक लिहावे". कागद सगळ्यांना सगळंच विचारतो, त्याला दुसरं काही करताच येत नाही, एकदा छापला की छापला.

स्क्रीनवरच्या फॉर्मला मात्र येतं. घरात आठ माणसं असतील तर आठ ओळी, दोनच असतील तर दोन. शेती नाही म्हटलं की गट नंबराचा प्रश्न समोर येतच नाही. हे सगळं ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या कोडने, म्हणजे स्क्रिप्टने, होतं, दर वेळी सर्व्हरला विचारायला जावं लागत नाही, आणि मी पोटापाण्यासाठी हेच करते. पतसंस्था, कॉलेजं, बचत गटांबरोबर काम करणाऱ्या संस्था, यांचे फॉर्म. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फॉर्ममध्ये काय असतं, चार चौकटी आणि एक बटण. पण मला विचाराल तर वेबवरचं सगळ्यात नाजूक काम हे आहे, कारण बाकीची पानं माणूस नुसती वाचतो, फॉर्ममध्ये तो स्वतःचं काहीतरी आपल्या हवाली करतो. आणि त्याने टाइप केलेलं एकही अक्षर आपल्या कोडमुळे जाता कामा नये, एवढी एक गोष्ट मी धरून बसलेय. बाकी सगळं मला वाटतं तिच्यातूनच निघतं.

फॉर्म आधी आले, स्क्रिप्ट नंतर. १९९३ च्या मोझेक ब्राउझरमध्ये फॉर्म भरता यायचा, पण चूक झाली की कळायचं अख्खा फॉर्म सर्व्हरकडे जाऊन परत आल्यावर, आणि तेही टेलिफोनच्या वायरीवरून चालणाऱ्या मॉडेमवर. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्टचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं लोकांनी ही भाषा मुख्यतः कशासाठी वापरली तर पाठवायच्या आधी फॉर्म तपासायला. नवीन चौकट तयार करून पानात जोडायची प्रमाण पद्धत, म्हणजे क्रिएट एलिमेंट, अपेंड चाइल्ड वगैरे, ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमच्या, म्हणजे स्क्रिप्टने पानातल्या घटकांना हात कसा लावायचा त्या नियमांच्या, पहिल्या आवृत्तीत आली.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. ओळ जोडा, ओळ काढा ही बटणं थेट एचटीएमएलमध्येच, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यातच, येणार होती. २००४ पासून वेब फॉर्म्स २.० नावाच्या मसुद्यावर काम चालू होतं, त्यात बटणाचे प्रकारच दिलेले होते, अ‍ॅड, रिमूव्ह, मूव्ह अप, मूव्ह डाउन. एक ओळ साचा म्हणून लिहायची आणि बाकीचं ब्राउझरने बघायचं, एका ओळीचीही स्क्रिप्ट नको. ऑपेरा ब्राउझरने ९ व्या आवृत्तीत ते चालवूनही दाखवलं होतं. पुढे एचटीएमएल ५ मध्ये त्या मसुद्यातल्या तारखेच्या, ईमेलच्या चौकटी आल्या, रिक्वायर्ड (ही चौकट भरलीच पाहिजे) आलं, पॅटर्न (मजकूर ठराविक नमुन्यातच हवा) आलं, हा ओळींचा भाग तेवढा गळला. मला त्याची अजून हळहळ वाटते. कारण तेव्हापासून जगातला प्रत्येक प्रोग्रामर "आणखी एक सदस्य जोडा" हे बटण आपापलं लिहितोय, आणि प्रत्येक जण त्याच त्याच खड्ड्यांवरून जातोय.

पहिला खड्डा हा. नवीन ओळ जोडायचा सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे जुन्या ओळी जिथे आहेत त्या भागाच्या इनर एचटीएमएलला, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या एचटीएमएलला, प्लस-इक्वल करून नव्या ओळीचा मजकूर चिकटवणे. एका ओळीचं काम. करून बघा. तीन ओळी भरा, नाव, वय, नातं, आणि मग चौथी जोडा. चौथी येते, पण वरच्या तिन्ही कोऱ्या होतात! कारण असं की चौकटीची किंमत ब्राउझर दोन ठिकाणी ठेवतो, एक मूळ एचटीएमएलमध्ये लिहिलेली आणि एक माणसाने आत्ता टाइप केलेली, आणि इनर एचटीएमएल वाचताना फक्त पहिलीच बाहेर येते. म्हणजे प्लस-इक्वल म्हणजे जोडणं नव्हेच, ते सगळं मोडून पहिल्यापासून बांधणं आहे, आणि नव्याने बांधलेल्या चौकटींना माणसाने टाइप केलेलं काहीच आठवत नाही. ड्रॉपडाउनमध्ये निवडलेलं जातं, टेक्स्टएरियात लिहिलेलं जातं, ओळींवर लावलेले इव्हेंटही, म्हणजे क्लिक झालं की काय करायचं तेही, जातात. त्याऐवजी पानात एक टेम्प्लेट, म्हणजे न दिसणारा कोरा साचा, ठेवायचं, त्याची प्रत काढायची आणि ती शेवटी जोडायची. कोड दोन-तीन ओळींनी वाढतो पण जुन्या ओळींना हातच लागत नाही.

प्रत काढताना अजून एक सांभाळावं लागतं, आयडी, म्हणजे पानातल्या प्रत्येक चौकटीची स्वतःची ओळख. टेम्प्लेटमधल्या वयाच्या चौकटीचा आयडी "वय" असेल तर प्रत्येक ओळीत तोच उतरतो, आणि लेबल त्या आयडीवरूनच आपली चौकट शोधतं. चौथ्या ओळीतल्या "वय" या शब्दावर बोट ठेवलं की कर्सर जातो पहिल्या ओळीत, आणि मोबाइलवर वरची ओळ दिसत नसते, त्यामुळे नातवाचं वय आजीच्या नावापुढे लिहिलं जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा एक क्रमांक द्यायचा आणि आयडीत आणि नेममध्ये (उत्तर सर्व्हरकडे ज्या नावाने जातं त्यात) तोच वापरायचा. हा क्रमांक परत कधीच दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही. मधली ओळ काढली तर पडू दे खंड, डोळ्यांना दिसणारा १, २, ३ वेगळा आणि आतला क्रमांक वेगळा. खालच्या ओळींची नेमं बदलत बसणारा कोड मी कितीदा तरी वाचलाय आणि दर वेळी वाटतं की अरे, कशाला?

तालुक्याच्या गावातलं एखादं सेवा केंद्र डोळ्यासमोर आणा. समोर पिशवीत रेशन कार्ड, आधार, पासबुक घेऊन बसलेली बाई, कीबोर्डवर एक पोरगा किंवा पोरगी, मागे रांग. फॉर्म ज्याचा आहे तो बोलतोय आणि भरणारा दुसराच. हा भरणारा माउसला फारसा हात लावत नाही, टॅब, टॅब, एंटर असं चालतं. आता बटणाला टाइप, म्हणजे प्रकार, दिला नसेल तर ब्राउझर त्याला सबमिटचं, म्हणजे अर्ज पाठवायचं, बटण समजतो, आणि चौकटीत एंटर मारला की फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबलं गेल्यासारखं होतं. ते पहिलं बटण जर पहिल्या सदस्यापुढचं "काढा" असेल तर? वय लिहून एंटर मारला आणि घरातलं थोरलं माणूसच यादीतून गेलं. बटणाला टाइप इक्वल्स बटण एवढंच लिहायचं असतं. तेवढ्याने ते टळतं.

काढण्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. कोरी ओळ काढताना काहीच विचारू नये. भरलेली ओळ काढताना "खात्री आहे का?" असा डबा आणण्यापेक्षा ओळ फिकी करून तिथेच "परत आणा" ठेवावं, कारण त्या डब्यावर लोक न वाचता ओके दाबतात, रांग असते ना मागे. आणि ओळ गेल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या चौकटीवर किंवा बटणावर आहे ती जागा, कुठे जातो तेही बघावं. ज्या बटणावर फोकस होता तेच पानातून नाहीसं झालं की कीबोर्डवरचा माणूस एकदम कुठेच उरत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला तर काय झालं हेच कळत नाही. फोकस वरच्या ओळीवर न्यायचा आणि "सदस्य काढला, आता यादीत चार" असं एका लाइव्ह भागात लिहायचं, म्हणजे ते वाचून दाखवलं जातं.

मग येतात अटीवरचे प्रश्न, आणि इथे मला सगळ्यात जास्त रमायला होतं. "शेती आहे का?" होय म्हटलं की गट नंबर, क्षेत्र, ओलिताचं किती, कोरडवाहू किती असं सगळं उघडतं. फॉर्म भरणाऱ्या ताईंनी ते भरलं. मग खाली जाताना बोट लागून उत्तर "नाही" झालं. भाग मिटला. त्यांच्या लक्षात आलं, परत "होय" केलं. आता तो भाग कोरा उघडला तर त्या काय म्हणतील सांगा. म्हणून मिटवायचं, मोडायचं नाही. पण मिटवलेल्या भागात रिक्वायर्ड चौकट राहिली तर दुसराच प्रकार होतो, पाठवा दाबलं की काहीच होत नाही, ना चूक दिसते ना फॉर्म जातो, कारण ब्राउझरला रिकामी चौकट दाखवायचीय आणि ती तर लपलेली आहे, तिच्यावर फोकस नेता येत नाही. कन्सोल (ब्राउझरमधली प्रोग्रामरसाठीची खिडकी) उघडला तर तिथे तक्रार लिहिलेली सापडते, पण सेवा केंद्रात कन्सोल कोण उघडणार. आणि उलट बाजूने, नुसतं लपवलं तर "शेती नाही" म्हणणाऱ्या अर्जासोबत दोन एकर ओलीतही पाठवलं जातं.

या तिन्हींवर एकच उपाय आहे आणि तो एचटीएमएलमध्ये आयताच आहे. तो सगळा भाग एका फील्डसेटमध्ये, म्हणजे चौकटींच्या गटात, घालायचा आणि मिटवताना फील्डसेटला हिडनबरोबर (लपवण्याबरोबर) डिसेबल्डही (बंदही) करायचं. डिसेबल्ड चौकटी तपासल्या जात नाहीत, पाठवल्याही जात नाहीत, पण त्यात टाइप केलेलं जसंच्या तसं राहतं. होय म्हटलं की दोन्ही काढायचं, सगळं जागच्या जागी. मला हे फार देखणं वाटतं, खरंच, इतकी साधी सोय आणि इतकी नेमकी. नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना आधी हे दाखवते, रिअ‍ॅक्ट वगैरे तयार साधनं नंतर. (रिअ‍ॅक्टमध्येही अट खोटी झाली की घटक पानातून जातोच, त्याच्या आतली स्टेट, म्हणजे त्यात साठवलेलं सगळं, त्याच्यासोबत जाते, त्यामुळे उत्तरं वरच्या पातळीवर ठेवावी लागतात. प्रश्न तोच, कपडे वेगळे.)

शेतीचाच विषय निघालाय तर क्षेत्राचं सांगते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलताना लोक एकर-गुंठ्यात बोलतात. ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, आर बरोबर १००, त्यामुळे गुंठा म्हणजे आर असं धरून चालत नाही. फॉर्ममध्ये एकक निवडायला द्यावं आणि बाजूला दुसऱ्या एककात किती ते लगेच दाखवावं, हे स्क्रिप्टला सहज जमतं. पण एकक बदललं की चौकटीतला आकडाच बदलून टाकणारे फॉर्म असतात. १५ गुंठे लिहिलं, हेक्टर केलं, ०.१५ झालं, परत गुंठे केलं तर १४.८३. त्या माणसाने १४.८३ कधीच म्हटलं नव्हतं! त्याने लिहिलेला आकडा आणि त्याने निवडलेलं एकक हेच खरं, बाकी रूपांतर आपल्या सोयीचं, ते वेगळं ठेवा.

नात्यांचा ड्रॉपडाउन. कुटुंबप्रमुख पुरुष असेल तर यादीत भावजय, मेहुणा लागतात, बाई असेल तर दीर, जाऊ, नणंद लागतात, आणि सून, नातू, पुतण्या दोन्हीकडे. प्रमुख कोण ते आधी विचारलेलंच असतं, मग त्यावरून यादी बदलायला कितीसा वेळ लागतो? तरीही कुठेतरी तयार मिळालेली चार नात्यांची यादी टाकून खाली "इतर" ठेवतात, आणि मग एकत्र कुटुंबात निम्मं घर "इतर" होतं. एक मात्र बघायचं, सदस्य भरून झाल्यावर कुणी प्रमुख बदलला तर आधी निवडलेलं "जाऊ" नव्या यादीत नाही म्हणून गुपचूप पुसायचं नाही. ते दिसत ठेवायचं, शेजारी लिहायचं की प्रमुख बदललाय, नातं पुन्हा बघा.

जिल्हा, तालुका, गाव. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत, ती एकदम ब्राउझरमध्ये ओतता येत नाहीत, म्हणून जिल्हा निवडला की तालुके मागवायचे, तालुका निवडला की गावं. आता नेट हळू आहे. माणसाने चुकून सातारा निवडला, लगेच सांगली केलं. दोन मागण्या गेल्या. सांगलीचं उत्तर आधी आलं, यादी आली, आणि मग रेंगाळलेलं साताऱ्याचं उत्तर येऊन त्याच्यावर बसलं. वर सांगली, खाली कराड, पाटण, वाई. ऑफिसातल्या वेगवान नेटवर हे कधीच दिसत नाही, म्हणून मी ब्राउझरमध्ये मुद्दाम वेग कमी करून बघते. नवीन मागणी निघाली की जुनी अ‍ॅबॉर्ट कंट्रोलरने रद्द करायची, किंवा निदान उत्तर आल्यावर बघायचं की अजून तोच जिल्हा निवडलेला आहे का.

आणि यादीत किंमत म्हणून नाव ठेवायचं नाही, कोड ठेवायचा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावापर्यंत कोड दिलेले आहेत. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, नंतर उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. अर्धवट भरून ठेवलेल्या अर्जात जुनं नाव असेल आणि यादीत नवं, तर उघडल्यावर जिल्ह्याची चौकट रिकामी दिसते. लोकांना वाटतं आपणच भरायचं विसरलो.

अर्धवट अर्ज जपण्याबद्दल माझं मत बदलत गेलंय. लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत, दर काही सेकंदांनी लिहून ठेवलं की लाइट गेली तरी काम जात नाही, हे घरच्या कॉम्प्युटरवर उत्तमच. पण सेवा केंद्रात एकाच ब्राउझरवर दिवसभर वेगवेगळी माणसं येतात, तिथे पहिल्याचा आधार नंबर दुसऱ्याच्या अर्जात उगवणं हे अक्षर हरवण्यापेक्षाही वाईट. तिथे अर्ज सर्व्हरवर ठेवून त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा असं मी सुचवते, आणि स्थानिक प्रत अर्ज जाताच पुसावी.

तपासणी तर करायचीच, पण कधी आणि कशी. पहिला आकडा टाइप करताच चौकट लाल करणं हे मला उद्धटपणाचं वाटतं, माणूस लिहून चौकटीबाहेर पडू दे. ब्राउझरचे स्वतःचे चुकीचे मेसेज ब्राउझरच्या भाषेत येतात, पान मराठीत असलं तरी, त्यामुळे सेट कस्टम व्हॅलिडिटी या सोयीने आपलं वाक्य द्यावं, "मोबाइल नंबर १० आकडी असतो, इथे ९ आलेत", आणि चूक सुधारली की ते वाक्य रिकामं करावं, नाहीतर बरोबर लिहूनही फॉर्म अडतो. हे सगळं अर्थात भरणाऱ्याच्या सोयीसाठी. ब्राउझरमधलं कुणीही बदलू शकतं, म्हणून सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा, त्याला पर्याय नाही.

आता मराठी. कीप्रेस, म्हणजे की दाबल्याची खबर, पकडून आकडेच टाइप होऊ देणारे फॉर्म अँड्रॉइडवर चालत नाहीत, कारण तिथल्या कीबोर्डवरून बहुतेक वेळा कुठली की दाबली ते कळतच नाही, सगळ्यांचा कोड २२९ येतो. इनपुट इव्हेंट घ्यावा आणि चौकटीत काय आलंय ते बघावं. कुणी देवनागरीत "९८" लिहिलं तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याला आकडा मानत नाही, रेगेक्समधला (मजकूर नमुन्याशी ताडून बघायच्या सोयीतला) "कुठलाही अंक" सांगणारा बॅकस्लॅश डी पण नाही. "चुकीचा नंबर" म्हणायचं काय कारण? देवनागरी अंक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ० ते ९ असे ओळीने बसलेत, पाठवताना बदलून घेणं अगदी सोपं आहे.

नावाच्या चौकटीवर ए टू झेडचं बंधन असलेले फॉर्म आता कमी झालेत, पण त्याच्या पुढची पायरीही पुरत नाही. रेगेक्समध्ये "कुठल्याही भाषेचं अक्षर" असा वर्ग घातला की "कमल" चालतं आणि "किरण" अडतं, कारण वेलांटी युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाही, खूण आहे. खुणांचा वर्गही घालावा लागतो. लांबीचंही तसंच, "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं, मॅक्सलेंग्थला (चौकटीच्या लांबीच्या मर्यादेला) दहा, त्यामुळे इंग्रजीला पुरेलसं वाटून घातलेली मर्यादा मराठी पत्त्याला मध्येच तोडते, आणि पेस्ट केलं तर शेवट न सांगता कापला जातो.

आणि कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही आडनावं. हा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा वेगळा ऱ देतात, काही साध्या र ला हलंत देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. ते जोडचिन्ह युनिकोडमध्ये अक्षरही नाही आणि खूणही नाही, त्यामुळे वरची सगळी काळजी घेतलेला फॉर्मसुद्धा एका कऱ्हाडेंना आत घेतो आणि दुसऱ्या कऱ्हाडेंना "नावात फक्त अक्षरे लिहा" असं सांगतो. आत घेतलं तरी शोधताना दोघांची गाठ पडत नाही, एकाच घरातली आई एका तऱ्हेने आणि मुलगी दुसऱ्या तऱ्हेने नोंदलेली असते आणि आडनावाने शोधलं की एकच मिळते. मी जोडचिन्ह चालू देते, शोधण्यासाठी नावाची एक एकसारखी केलेली प्रत वेगळ्या रकान्यात ठेवते आणि तुलना त्या रकान्यावर करते. मूळ रकान्याला हात लावत नाही. पावतीवर आणि पासबुकावर छापायला तोच जातो.